एकाच फटक्याची हातोडी

मी हातोडी बोलतेय. खरं सांगायचं तर हातोडीचं नुसतं डोकं. दांडा घरी राहिला. या क्षणी मी एका मुलीच्या बॅगेत आहे आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तिच्या कंगव्यावर आपटतेय. गप्प पडून राहणं मला कधी जमलंच नाही.

माझं डोकं पितळी, अंगठ्याएवढं. दांडा वीतभर. बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मी पट्ट्यांच्या पिना ठोकायचे. टुक, टुक. त्यात कसला जीव रमणार? मी वाट बघायचे ती शनिवारची. त्या दिवशी बाबा मला खिशात टाकून घरी आणत आणि येताना कोपऱ्यावरून नारिंगी साखरेची लादी घेत. दगडासारखी टणक, उजेडात धरली की पलीकडचा दिवा दिसायचा.

लादी स्वच्छ रुमालात गुंडाळायची आणि मग मी. फक्त एक फटका. जेवढे तुकडे होतील तेवढे होतील, दुसरा फटका नाही. फोडणाऱ्यानं आपला तुकडा सगळ्यांत शेवटी उचलायचा. हा कायदा आत्याचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीचा. पहिला तुकडा उचलायचा मानही तिचाच, आणि ती डोळे मिटून सगळ्यांत मोठा उचलायची. डोळे मिटून बरोबर मोठाच कसा सापडतो, हे घरात फक्त धाकटीनं विचारलं. तिला सगळे ठिणगी म्हणत.

“मला मारू दे ना फटका,” ठिणगी म्हणायची.

“आधी दात येऊ देत,” आत्या म्हणाली. दात आले. मग शाळा संपू दे, मग कॉलेजात जाऊ दे. तिचा दादा मात्र दहाव्या वर्षापासून मला चालवत होता. त्याच्या हाताला घाम यायचा. तुकडे उचलून झाले की तो स्वतःच्या तुकड्याचा कोपरा दातांनी तोडून ठिणगीला द्यायचा. “उष्टं आहे,” आई म्हणायची. “म्हणूनच गोड आहे,” ठिणगी म्हणायची. मग चार-पाच गाल फुगायचे आणि सगळ्या घरात फक्त कडकड ऐकू यायची. ती शांतता मला आवडायची. माझ्या हातची होती ना.

मग दादाला दुकानात बसायचं नव्हतं. बाबांशी कडाक्याचं भांडण झालं आणि तो निघून गेला. पुढच्या शनिवारी आत्यानं एक तुकडा बाजूला काढला आणि शेगडीवरच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात ठेवला. “येईल तेव्हा खाईल.”

तीन वर्षं. दर शनिवारी एक तुकडा. ठिणगीनं सांगून पाहिलं, “आत्या, तिथं धग लागते. डबा हलव.”

“मला शिकवू नकोस. तो आला की आधी त्या फळीकडेच बघतो.”

परवाच्या शनिवारी ठिणगी एक पत्र घेऊन आली. दूरच्या शहरात, नकाशे छापणाऱ्या छापखान्यात नोकरी. सोमवारी हजर व्हायचं. बाबा घड्याळाकडे बघत म्हणाले, “एकाला जाऊ दिलं, तो परत फिरकला नाही.”

“त्याला जाऊ दिलं नव्हतं, बाबा. तो भांडून गेला. मी सांगून जातेय.”

तिनं फळीवरचा डबा खाली ओढला, उलटा केला. सगळे तुकडे वितळून एक झाले होते. डब्याच्या आकाराचा एकच नारिंगी गोळा टेबलावर धप्पकन पडला.

“आज फटका माझा,” ती म्हणाली आणि तिनं मला उचललं.

केवढा जोर होता त्या मनगटात! इतकी वर्षं मी ज्या हाताची वाट बघत होते, तो हाच. मी सणकन खाली आले. काड् असा आवाज झाला.

गोळ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. माझा दांडा मोडला होता.

“चीर गेली होती त्याला,” बाबा हळूच म्हणाले. “ठाऊक होतं मला. आज करू, उद्या करू करत राहिलो.”

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तसाच. “झालं ना समाधान? नाही फुटला.”

आत्या गोळा परत डब्यात ठेवत म्हणाली, “नाही फुटला. आणि तुझा फटका संपला. आता पुन्हा आलीस की मार.”

“म्हणजे जाऊ?”

“मी कुठं तसं म्हटलं? नियम सांगितला.”

“मग नीट पाळ नियम. फोडणारी शेवटी उचलते, म्हणजे आधी बाकी सगळे हजर हवेत. दादाला फोन कर.”

“माझं नाही ऐकत तो.”

“तू एकदा तरी केलास?”

आत्या डब्याचं झाकण पुसत राहिली. मग डबा शेगडीपासून लांब, खिडकीपाशी ठेवला आणि आईला म्हणाली, “माझा चष्मा दे गं. आकडे दिसत नाहीत मला.”

बाबांनी मला उचललं आणि ठिणगीच्या बॅगेत टाकलं. “नवा दांडा बसवून आण,” एवढंच म्हणाले.

मी आयुष्यभर इतरांचे वाटे केले. आता माझेच दोन झालेत. शहर जवळ येतंय. ठिणगे, दांडा चांगल्या लाकडाचा घे, चीर बघून घे. आणि फार दिवस लावू नकोस. मला दम निघत नाही.