नारळ माझ्यावर फुटला

मी एक जुना ऑइल कूलर आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. मित्रांनो, तुमच्या घरात पाण्याचा माठ असतो ना, तसा मोटारीच्या पोटातल्या तेलाचा माठ म्हणजे मी. गाडी जोरात पळाली की इंजिनातलं तेल तापतं. तापलं की पातळ होतं, आणि पातळ तेल लोखंडाला सांभाळत नाही. म्हणून ते तेल एका नळीनं माझ्यात येतं, समोरच्या वाऱ्यानं निवतं आणि दुसऱ्या नळीनं परत जातं. एवढंच माझं काम. मी ते नेहमी इमानानं केलं. फक्त एकदा चुकलो, आणि त्या एका वेळेचीच ही कहाणी आहे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पाठीवर एक नंबर ठोकलेला आहे, तेवढीच माझी जन्मपत्रिका. तरुणपणी मी मिलिटरीच्या ट्रकवर होतो. ट्रक मोडीत निघाला तसा मीही निघालो आणि औरंगाबादच्या भंगार बाजारात मोडक्या सायकलींखाली जाऊन पडलो. तिथं पाच पावसाळे काढले. माझ्या जाळीत पालींनी अंडी घातली. अहो, मिलिटरीतला गडी मी, आणि ही माझी दशा!

तिथून मला तातेरावानं उचललं. तातेराव बदनापूरचा मोटार मिस्त्री. मिलिटरीच्या वर्कशॉपात सात वर्षं काढून आलेला माणूस. त्यानं मला उलटापालटा करून पाहिलं, कानाजवळ धरून हलवलं आणि म्हणाला, "ह्याच्यात अजून लई जीव हाय." मित्रांनो, पाच वर्षांत माझ्याविषयी कुणी चांगला शब्द काढला नव्हता. मी त्या क्षणी त्याचा झालो.

त्याला मी हवा होतो तो पुंजारामबापूंच्या गाडीसाठी. बापू म्हणजे गावातले मोठे जमीनवाले. हैदराबादच्या कुण्या नवाबाची दोन दारांची लाल विलायती गाडी त्यांनी आणली होती. गाडी वाऱ्यासारखी पळे, पण आठ-दहा मैलांत तिचं तेल उकळायचं. आणि बापूंनी तर भर बाजारात सांगून टाकलेलं, की ह्या दसऱ्याला सीमोल्लंघन गाडीनं करणार. सकाळची पॅसेंजर बदनापुरातून निघाली की मीही निघणार आणि तिच्या आधी जालन्याच्या स्टेशनात उभा राहणार. सगळा गाव ऐकत होता. आता माघार घेतली तर मिशी उतरली असती.

"तातेराव, एवढं काम करून दे," बापू म्हणाले होते. "गाडी आधी पोचली तर स्टेशनरोडची माझी पत्र्याची शेड तुझी. घाल तुझं ग्यारेज."

तातेराव तेव्हा रस्त्याकडेला एका बाभळीखाली काम करायचा. पाऊस आला की पोतं डोक्यावर घ्यायचा आणि लोकांच्या गाड्या ताडपत्रीनं झाकायचा. त्यामुळे शेडचं नाव निघालं आणि त्याचा चेहराच बदलला. त्याची बायको बेबीनंदा सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. तिनं त्याच आठवड्यात एका पत्र्यावर लाल रंगानं पाटी रंगवली: तातेराव मोटार ग्यारेज, बदनापूर.

"अगं, अजून शेड मिळाली न्हाई," तातेराव हसून म्हणाला.

"तुमचं काम कधी फेल गेलंय का? मंग मिळालीच समजा," बेबीनंदा म्हणाली.

दहा दिवस माझं काम चाललं. आधी रॉकेलनं माझी आतडी धुतली, पाच वर्षांचा चिखल बाहेर काढला. मग बेबीनंदाच्या घंगाळात मला बुडवलं, एक तोंड बंद केलं आणि दुसऱ्या तोंडातून सायकलच्या पंपानं हवा भरली. कुठं बुडबुडा निघतो का ते दोघं डोकी जोडून बघत बसली. एकही निघाला नाही! मग बापूंच्या अंगणात गाडीखाली उताणं पडून तातेरावानं मला पुढच्या बंपरखाली बसवलं. हादरे लागू नयेत म्हणून जुन्या टायरचे तुकडे कापून माझ्याखाली घातले. दोन्ही नळ्या सायलेन्सरपासून लांबून नेल्या. तेल भरलं, गाडी चालवून आणली आणि परत खाली शिरून प्रत्येक सांध्यावर बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. माझ्या ट्रकवरच्या सायबांनीसुद्धा माझी अशी उस्तवार केली नव्हती.

बापूंना त्यानं गाडीतला तेलाचा काटा दाखवला. "मालक, एकच गोष्ट ध्यानात ठिवा. हा काटा खाली पडला, की गाडी जागच्या जागी बंद करायची. बिलकुल पुढं न्यायची न्हाई."

दसरा उजाडला. हा दिवस तातेरावाच्या वस्तीचाही सण. त्यांच्या लोकांनी दसऱ्यालाच बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. सगळी वस्ती पांढरे कपडे घालून वंदनेला बसणार होती. बेबीनंदानं पांढरं लुगडं धुऊन ठेवलं होतं, त्याचाही पांढरा सदरा. तो सदरा घालून तातेराव आधी बापूंच्या अंगणात आला. गाडी सुटली की वंदनेला जाईन म्हणाला.

मित्रांनो, आता नीट ऐका. दसऱ्याला गाडीची पूजा होते हे तुम्हाला माहीत आहे. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं झालं. राहिला नारळ. पुढे दगड ठेवला होता. पण बापूंची आई द्वारकाबाई पुढे आली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हीच ना ती नवी वस्तू? मंग नारळ हिच्यावरच फुटला पाह्यजे."

"बाई, तिच्यावर नका, नाजूक हाय ती," तातेराव मागून म्हणाला. कुणी ऐकलं नाही. बापूंनी नारळ उचलला आणि माझ्या कडेवर हाणला. फुटला नाही. अंगणात कुजबुज झाली, दसऱ्याचा नारळ पहिल्या फटक्याला फुटू नये म्हणजे काय! बापूंनी दात खाऊन दुसरा फटका हाणला, तिसरा हाणला. तिसऱ्याला नारळ फुटला. आणि मीही फुटलो. करवंटीचं एक धारदार टोक माझ्या कडेच्या नळीत घुसलं आणि तिथंच मोडून बसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बापूंनी इंजिन चालू केलं. माझ्या अंगातून एक थेंब खाली पडला. मग दुसरा.

तातेरावानं पाहिलं. मित्रांनो, अंगणात चाळीस माणसं होती, पाहिलं ते त्या एकट्यानं. तो पुढे धावला आणि वाकला.

"लांब हो!" द्वारकाबाई ओरडली. "पूजा झालीय गाडीची. आता हात लावू नको."

दहा दिवस हा माणूस त्या गाडीच्या पोटात शिरून होता. तेव्हा त्याचा हात चालला. हळदकुंकू लागलं आणि त्याच हाताचा विटाळ झाला. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली, पण मला ना पाय ना मस्तक.

"बाई, तेल गळून राह्यलंय," तातेराव म्हणाला.

"नारळाचं पाणी हाय ते," बापू गाडीतून म्हणाले.

"नारळाचं पाणी असं चिकट पिवळं नसतंय, मालक. मी न्हाई हात लावत. तुमच्यापैकी कुणीबी बोट लावून बघा. एकदा वाकून बघा फक्त!"

कुणी वाकलं नाही. कोऱ्या धोतरांना डाग लागला असता ना! तेवढ्यात स्टेशनात शिट्टी झाली. बापूंनी गाडी हाणली. तातेरावाला त्यांच्या माणसांनी मागून येणाऱ्या बापूंच्या जीपमध्ये बसवून घेतलं, रस्त्यात काही लागलं तर असावा म्हणून.

मी समोर होतो. मला सगळं दिसत होतं. रुळांवर पॅसेंजर, इकडे आम्ही. डब्यांच्या खिडक्यांतून लोक रुमाल हलवत होते. आम्ही पॅसेंजरच्या पुढे निघालो होतो, खोटं कशाला बोलू! पण माझ्या जखमेतून तेल आता धारेनं जात होतं. मला थांबवता येईना. आत तेलाचा काटा पडलाच असणार. बापूंनी तो पाहिला की नाही, त्यांचं त्यांना ठाऊक. रुमाल मात्र त्यांनी नक्की पाहिले.

अर्ध्या वाटेवर इंजिनानं एक किंकाळी फोडली आणि ते जाम झालं. पॅसेंजर शिट्टी मारत निघून गेली. खिडक्यांतले लोक पोट धरून हसत होते.

जीप आली. बापू गाडीतून उतरले ते काळेनिळे होऊन. "काढ ते तुझं भंगार!"

"मालक, जरा निवू द्या. लई तापलंय."

"आत्ता काढ!"

पूजा झालेल्या गाडीला आता त्याचा हात चालला, बरं का. पोतं गुंडाळून त्यानं मला सोडवलं, उलटं केलं आणि त्याला ते करवंटीचं टोक दिसलं. त्यानं मला बापूंसमोर धरलं. "हे बघा मालक. नारळानं नळी फोडली. माझं काम कच्चं नव्हतं."

बापूंनी पाहिलं. वाकून, निरखून पाहिलं. त्यांना कळलं. मित्रांनो, त्यांना सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगतो. मग त्यांनी दोन बोटांनी ते टोक उपटलं आणि तुरीच्या शेतात फेकून दिलं.

"कुठाय नारळ?" ते म्हणाले. "दसऱ्याचा हार सगळ्यांना घालतात. ह्यालाबी घाला."

दोघांनी त्याचे हात धरले. तिसऱ्यानं तार आणली, बोल्टासाठी भोकं असलेल्या माझ्या दोन्ही कानांतून ओवली आणि मला त्याच्या गळ्यात अडकवलं. पांढऱ्या सदऱ्यावर. मी तेव्हा तव्यासारखा तापलेला होतो.

तेल थंड करणं हे माझं काम. त्या दिवशी मला स्वतःला थंड होता आलं नाही. तातेराव पहिल्यांदा ओरडला, मग त्यानं ओठ दातांत धरले. बापूंच्या माणसांनी त्याला तसंच चालवत बदनापूरला आणलं. जीप मागून हळूहळू, हॉर्न वाजवत. रस्त्यात लोक आपट्याची पानं वाटत होते, सोनं घ्या म्हणत होते. कुणी हसले, कुणी खाली बघितलं. मी त्याच्या छातीवर होतो. त्याचं काळीज धडधडताना मला ऐकू येत होतं आणि मी त्याला भाजत होतो. ज्यानं मला भंगारातून उचललं, त्याला!

वस्तीच्या तोंडाशी बेबीनंदा पांढऱ्या लुगड्यात त्याची वाट बघत उभी होती. ती धावत आली, तिनं माझी तार तोडली, आणि मला काढलं तेव्हा सदऱ्याबरोबर कातडीही निघाली. त्याच्या छातीवर माझ्या जाळीच्या रेघा उमटल्या होत्या. रांगेनं, सारख्या अंतरावर.

"ह्याला विहिरीत टाकते," ती रडत म्हणाली.

"नको," तातेराव म्हणाला. "त्याचा काय गुन्हा?"

मित्रांनो, मार खाणं सोपं. हे ऐकणं फार अवघड होतं.

छाती बरी झाल्यावर त्यानं माझी नळी डाग देऊन जोडली. घंगाळात बुडवून हवा भरली. एकही बुडबुडा नाही. त्यानं तीनदा पाहिलं, बेबीनंदाला दाखवलं आणि मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. शेडमध्ये बापूंनी कडबा भरला. रंगवलेली पाटी बेबीनंदानं न्हाणीच्या आडोशाला लावली. तातेराव बाभळीखालीच राहिला.

तीन वर्षांनी बापू स्वतः आले. नवी गाडी घेतली होती. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. "तातेराव, तुझ्यासारखा हात जिल्ह्यात न्हाई. हिलाबी कूलर बसवून दे. शेड तुझी, आजच रिकामी करतो."

तातेराव बसल्या जागी पाना पुसत राहिला.

"अजून राग धरून बसलास का?" बापू हसले. "अरे, सणाची गंमत होती ती!"

तातेराव उठला. त्यानं सदऱ्याची बटणं सोडली. "कूलर बसवलाय, मालक," तो म्हणाला. "तुम्हीच बसवला. हे बघा, अजून निघाला न्हाई." आणि त्यानं बटणं परत लावली. बापू पाय आपटत निघून गेले.

मी अजून त्याच खिळ्यावर आहे. तातेराव आता राहिला नाही. अशा कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला पुसा, जपा, तेलपाणी करा. मला तसलं काही नको. मी लोखंडाचा, मला गंज चढला तरी दुखत नाही. तुम्ही फक्त एवढं करा. कुणी तुम्हाला सांगितलं, की थेंब पडतोय, तर सांगणाऱ्याचा हात कुणाचा आहे ते विचारू नका. आधी वाकून बघा.