तितराचा आवाज

उद्यान दाखवणाऱ्या निशानं वाटेवरचं तपकिरी पीस उचललं आणि सगळ्यांपुढं धरलं.

"कुणाचं असंल, सांगा बरं."

होल्याचं, लांडोरीचं, कुणाच्या तरी कोंबडीचं. शहरातून आलेल्या आठ-दहा जणांनी आपापली अक्कल पाजळून घेतली. याह्याभाईंना ते पाहताक्षणी ओळखू आलं होतं, पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. नातीचा हात धरून ते मुकाट्यानं घोळक्याच्या मागं उभे राहिले.

धरणाच्या काठी हे वनउद्यान होऊन दोनच वर्षं झाली होती. बाभळी, करंज, बोरी, मधून पायवाट, आणि शेवटी पाण्यावरचे पक्षी पाहायला लाकडी मचाण. नऊ वर्षांच्या आमरीननं सुट्टी लागल्यापासून इथं यायचा एकच धोशा लावला होता. याह्याभाईंनी गुडघ्याचं कारण सांगून पाहिलं, उन्हाचं सांगितलं, पडेगावातलं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान बंद ठेवता येत नाही असंही सांगितलं. शेवटी कारणं संपली. खरं कारण सांगण्याजोगं नव्हतं. इथून हाकेच्या अंतरावर त्यांचं आजोळ होतं आणि त्या गावात त्यांनी चौतीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. मामांशी शेतावरून बिनसलं असावं, अशी घरच्यांची समजूत होती. ती त्यांनी मोडली नाही.

"तितराचं हाय हे," निशा सांगत होती. "पूर्वी इथं तितरासाठी फासे लावायचे. खोटं कशाला बोलू, आमचे वडीलच लावायचे. मोतीराम नाव त्यांचं. एकदा सापडले. शाळेत शिपाई म्हणून लागायचं पक्कं झालं होतं. केस झाली अन् ते गेलं. पुढं जन्मभर खडी फोडली. अन् आता त्यांची लेक पाखरं राखती."

ती हसली, तसे सगळेच हसले.

"एकटेच होते का?" कुणीतरी विचारलं.

"व्हय. एकटेच. असंच सांगतात ते."

मोतीरामला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं असेल, दम देऊन सोडलं असेल, असं याह्याभाईंनी इतकी वर्षं मनाशी धरलं होतं. कुणाला विचारलं मात्र नव्हतं. खडी हा शब्द त्यांच्या हिशेबात कधी आलाच नव्हता. मोतीरामची बोटं त्यांना आठवली. घोड्याच्या शेपटीचा केस वळून इतका बारीक फास करणारी बोटं, की दोन हातांवरून दिसू नये.

पुढच्या वळणावर एक तितर तुरुतुरु वाट ओलांडून गेलं. सगळ्यांचे मोबाइल वर झाले, तोवर ते झुडपात शिरलंही होतं. आमरीन मागं होती, त्यातून बुटकी.

"नाना, मेरेकू दिखाच नहीं," ती म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला.

त्या चेहऱ्यासाठी त्यांनी ते केलं, की अंगात मुरलेली जुनी खोड उसळली, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. हाताची ओंजळ तोंडाशी गेली आणि घशातून आवाज निघाला. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. झुडपातून उत्तर आलं. आणि मान ताठ करून ते तितर वाटेच्या मधोमध येऊन उभं राहिलं. आमरीननं श्वास रोखला. क्षणभर याह्याभाई पुन्हा बावीस वर्षांचे होते आणि अगदी सुखात होते.

मग त्यांनी वर पाहिलं. सगळे तितराकडे पाहत होते, निशा त्यांच्याकडे.

"असा आवाज काढायचा नसतो इथं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "विणीचे दिवस हायेत. दुसरा नर आला वाटून तो भांडायला धावतो. चला, मचाणावर चला सगळे. मी आलेच."

आमरीन सगळ्यांच्या पुढं पळाली. याह्याभाईंचे पाय उचलेनात. निशाही मागंच राहिली.

"चाचा, आमच्या बाला हा आवाज येत नाय," ती म्हणाली. "लहानपणी मी लई मागं लागायचे, काढून दाखवा म्हणून. 'फासे तुम्ही लावायचे, तर तितर कसं बोलवायचे?' असं त्यांना विचारलं की उठून जायचे."

याह्याभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"फासे त्याचे, आवाज माझा."

"त्यांना धरलं तवा कुठं होता तुम्ही?"

"बोरीच्या जाळीत. बारा-पंधरा हातांवर. त्याला जीपमध्ये घातलं, ते पण दिसलं."

"मग?"

या 'मग'ची उत्तरं त्यांनी कधीची घोकून ठेवली होती. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. अब्बांची तब्येत नाजूक होती. सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही आता ओठांवर येईना.

"मग मामांच्या घरी गेलो," ते म्हणाले. "मामीनं वाढलं. जेवलो."

मचाणावरून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला.

"माफी मागायला तोंड नाय मला," याह्याभाई म्हणाले. "तू सांग बेटा त्याला. म्हणावं, याह्या आला होता."

"मी नाय सांगणार." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना सोसलं असतं. "चौतीस वर्षं त्यांनी तुमचं नाव घेतलं नाय. आता मी कशाला घेऊ?"

ती दोन पावलं गेली आणि थांबली.

"घर तेच हाय. दुपारी झोपत नाय ते."

ती मचाणाकडे निघून गेली. जरा वेळानं आमरीन धावत परत आली. वरून पांढरे मोठे पक्षी दिसतात, नानांनी यायलाच पाहिजे, म्हणून त्यांचा हात ओढू लागली.

"बाद में," ते म्हणाले. "पहिलं एका ठिकाणी जायचंय."

"किसके घर?"

दोस्ताच्या, असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"मोतीरामच्या," ते म्हणाले.

"वो कौन?"

याह्याभाई गावाकडच्या वाटेला लागले होते. गुडघा दुखत होता. "चल, सांगतो," ते म्हणाले, आणि बोरीच्या जाळीपासून सांगायला सुरुवात केली.