सोयरिकीचा साहेब

विलायतेहून निघताना डेस्मंडच्या डोक्यात हिमालय होता, वाघ होते, हत्तीवर बसलेले राजेमहाराजे होते. मिळालं पनवेल. पनवेलला वाघ अगदीच नव्हते असं नाही, पण होते ते दोन पायांचे आणि बाजारपेठेत गादीवर लोडाला टेकून बसलेले. हिमालयाच्या जागी लांबवर माथेरानचा डोंगर दिसायचा, तोही हवा बरी असली तर. डासांची मात्र ददात नव्हती. पहिल्या रात्री त्यांनी या पाहुण्याला असा काही चाखला की सकाळी आरशात बघून त्याला वाटलं, कांजिण्या आल्या.

गोष्ट एकोणीसशे बासष्टची. तरुण पोरांना गरीब देशांत शिकवायला धाडणाऱ्या कुठल्याशा संस्थेनं त्याला इथल्या एका हायस्कूलला इंग्रजी शिकवायला पाठवलं होतं. वय बावीस, मिशी फुटेल न फुटेल. पोरांना त्याचं नाव काही जमेना, म्हणून आठवड्याभरात त्यांनी त्याला देशमुख सर करून टाकलं. आधी तो चिडला, मग कंटाळला, आणि पुढे कुणी देशमुख म्हटलं की मुकाट्यानं ओ देऊ लागला. वर्गात तो धडा वाचायचा आणि पोरं त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. त्याचं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, त्यांचं त्याला कळत नव्हतं, आणि त्यावाचून दोघांचंही काही अडत नव्हतं.

राहायला तो हायम झिराडकरांकडे होता. हायम म्हणजे रिटायर झालेले पोस्टमास्तर. बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. शनिवारी घरात चूल पेटायची नाही आणि उरलेले सहा दिवस नारळाशिवाय पान हलायचं नाही. त्यांची बायको झिल्पाबाई डेस्मंडला इतकं वाढायची की बिचाऱ्याला उठताना भिंतीचा आधार लागायचा. मुलगी बेला, बी. ए. झालेली, मुलींच्या शाळेत इंग्रजीच शिकवायची. संध्याकाळी ओटीवर बसून ती डेस्मंडला मराठी शिकवी, आणि चुकला की पोटभर हसून घेई.

पण डेस्मंडची खरी कीर्ती झाली ती शाळेत नव्हे. ती झाली सोयरिकींत.

सुरुवात केली कोन गावच्या काळूरामनं. याचा मुलगा शाळेत होता. पुतण्यासाठी शिरढोणला मुलगी बघायला जायचं होतं, तर हा सरळ शाळेत आला आणि म्हणाला, "सर, आमच्यासंगं चला. तुमी नुसते बसा. बोलायचं काम नाय. कोनी इचारलंच, त फार छान बोला, बस."

डेस्मंडला वाटलं, खेडं बघायला मिळेल. गेला. इंग्रज जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण गोऱ्या कातडीचा भाव काही उतरला नव्हता. ज्या शिरढोणच्या माणसानं एकेकाळी बंड करून इंग्रज सरकारला घाम फोडला, त्याच शिरढोणला हा इंग्रज पाटावर मांडी मोडून बसला, मांडी जमेना म्हणून एक पाय लांब केला, आणि मुलीचा बाप त्याच्याकडे बघून हरखून गेला. साहेबाला घेऊन फिरतात म्हणजे मुलाकडचे बडे असणार. कुणीतरी साहेबाला विचारलं, "काय, मुलगी कशी वाटली?" डेस्मंड म्हणाला, "फार छान." तिथल्या तिथे नारळ फुटला आणि तोंडात साखर पडली.

झालं. पंचक्रोशीत बोभाटा झाला की देशमुख सरांना नेलं की लग्न जमतं. मग काय विचारता. कुणी त्याला एस. टी.नं नेई, कुणी बैलगाडीनं. उरणच्या काशिराम कोळ्यानं तर त्याला होडीत घातला, आणि पलीकडे उतरेपर्यंत साहेबानं दोनदा खाडीत ओकारी काढली. तिथंही जमलं. मुलाचे कान बाहेर आलेले असोत की मुलगा दिवसभर पत्ते कुटत असो, शेजारी हा बसला की कुणाचं तिकडे लक्ष जात नसे. डेस्मंडनं आईला लिहून कळवलं की मी हल्ली भारतात खूप प्रवास करतो आहे. तो सगळा प्रवास पनवेल तालुक्यात आणि त्याच्या शेजारी, आणि प्रत्येक मुक्कामी पोहे किंवा तळलेले बोंबील, हे काही त्यानं लिहिलं नाही.

आणि खोटं कशाला बोला, त्याला हे आवडू लागलं होतं. तिकडे त्याच्या गावात हा रस्त्यानं गेला तर कुत्रंही मान वर करत नसे. इथं त्याच्यासाठी खुर्ची झटकत होते. खुर्चीची चटक कुणाला लागत नाही?

एका संध्याकाळी ओटीवर मराठीचा धडा चालू असताना बेला म्हणाली, "सर, रविवारी तुम्हाला बैठकीला बसायचंय ना?"

"हो, पप्पांनी सांगितलं. अलिबागचे लोक येणार आहेत. मुलगी कोण आहे?"

"मी."

तो म्हणाला, "अभिनंदन."

"अभिनंदन गेलं चुलीत," बेला म्हणाली. "नीट ऐका. मला आफ्रिकेत, अबिसीनियात नोकरी मिळालीय. तिकडच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायची. मुंबईला मुलाखत झाली, त्यांनी मला घेतलं. ऑगस्टअखेर बोट आहे. पप्पा म्हणतात, एकटी पोर काळ्या पाण्यापलीकडे जाणार नाही, आधी लग्न. आणि लग्न झालं की नवरा म्हणेल, कशाला नोकरी. म्हणजे संपलं."

"मग तुम्ही पप्पांना सांगा ना, मी जाणार म्हणून."

बेलानं वही मिटली. "सर, तुम्ही घरातून निघालात तेव्हा कुणाला विचारलंत?"

"विचारलं नाही. सांगितलं. सकाळी खाताना."

"आणि?"

"आई म्हणाली, गरम कपडे घेऊन जा."

बेला हसली, पण ते नेहमीचं हसणं नव्हतं. "मी गेले वर्षभर सांगतेय. पप्पांना ते ऐकूच जात नाही. पण तुमचं त्यांना ऐकू येतं. रविवारी पाहुणे तुम्हाला विचारतील, काय मत. सगळे विचारतात. तेव्हा एवढंच सांगा, की मुलीला परदेशी नोकरी लागलीय आणि ती जाणार आहे. चारचौघांत बोललात की पप्पांना झाकता येणार नाही. एक वाक्य. बोलाल?"

"नक्की," डेस्मंड म्हणाला. छातीवर हात ठेवून म्हणाला. तिनं मग ते वाक्य त्याच्याकडून घोटून घेतलं. उठता बसता, दात घासता, शाळेत हजेरी घेता तो ते पुटपुटत होता.

रविवारी अलिबागची मंडळी आली. मुलगा एफ्राइम, कचेरीत कारकून, घामानं कॉलर भिजलेली. बरोबर त्याची आई जोकबेदबाई. ही बाई अशी की खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीचे पाय तपासणार. झिल्पाबाईंनी नारळाच्या दुधातला हलवा केला होता. जोकबेदबाईंनी एक वडी जिभेवर ठेवली, छताकडे बघितलं, आणि साखर जरा हात राखून घातलीय म्हणाल्या. झिल्पाबाईंनी ओठ दाबून घेतले.

डेस्मंड मधल्या खुर्चीवर. आजवर तो नेहमी मुलाकडून बसलेला, आज पहिल्यांदाच मुलीकडून. हायमनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना म्हणाले, "हा आमचा डेस्मंड. मला मुलगा नाही, पण देवानं हा विलायतेहून धाडला. माझ्या घरचं मीठ खातो, आणि माझ्या शब्दाबाहेर नाही." बोलता बोलता म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, ते काही पाहुण्यांसाठी नव्हतं.

बेला चहाचा ट्रे घेऊन आली. जोकबेदबाईंनी तिला चालवलं, वळवलं, स्वयंपाक येतो का, डोळ्याला चष्मा आहे का, सगळं विचारून घेतलं. नोकरी करते हे ऐकून लग्नानंतर ती सुटेल असं स्वतःच ठरवूनही टाकलं. मग त्या डेस्मंडकडे वळल्या. "साहेब, तुम्ही या घरात राहता. तुमचं काय मत?"

बेला ट्रे धरून उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं. वाक्य त्याला पाठ होतं, अगदी क्रियापदासकट. गुडघ्यावर हायमचा हात होता. डेस्मंडनं तोंड उघडलं.

"फार छान," तो म्हणाला.

बैठकीत आनंदीआनंद झाला. जोकबेदबाई प्रसन्न झाल्या, हायमनी त्याचा गुडघा दाबला, झिल्पाबाई साखर आणायला आत पळाल्या. डेस्मंडला तोंड कुठं लपवावं कळेना, म्हणून त्यानं ते चहाच्या कपात घातलं.

बेलानं ट्रे टेबलावर ठेवला. मग एक खुर्ची ओढली आणि त्यावर बसली. पनवेलच्या इतिहासात बघायला आलेल्यांसमोर न सांगता बसलेली ही बहुधा पहिलीच मुलगी. "मावशी," ती जोकबेदबाईंना म्हणाली, "मी ऑगस्टअखेर अबिसीनियाला जातेय. शिकवायला. तुमच्या मुलात काही वाईट नाही. पण मी जातेय."

"पोरखेळ आहे," हायम हसत म्हणाले. "मनावर घेऊ नका."

जोकबेदबाईंना पोरखेळ मान्य नव्हता. त्यांनी पुन्हा डेस्मंडला धरलं. "साहेब, ही म्हणते ते खरं?"

हायम त्याच्याकडे बघत होते. त्या नजरेत धाक नव्हता, नुसती विनवणी होती, आणि तीच जास्त जड होती. डेस्मंड कपात बघत म्हणाला, "खरं आहे. मला माहीत होतं."

"माहीत होतं, आणि तरी फार छान?" जोकबेदबाई उठल्या. "चल रे एफ्राइम." एफ्राइम उठला. जाताना त्यानं हळूच हलव्याची एक वडी रुमालात बांधली. त्या दिवशी बैठकीतून काहीतरी घेऊन गेलेला तो एकटाच.

पाहुण्यांच्या मागे दार लागलं, आणि हायम म्हणाले, "माझ्याच घरात बसून." एवढंच. त्यानंतर ते डेस्मंडशी बोलायचे बंद झाले. झिल्पाबाई वाढत होत्या, पण पोळी ताटात टाकत होत्या, ठेवत नव्हत्या. बेला त्याच्याशी बोलायची, अगदी नीट बोलायची, आणि ते त्याला सगळ्यात लागायचं. मराठीचे धडे मात्र बंद झाले.

बाहेर तर काय, जोकबेदबाईंनी अलिबागपासून पेणपर्यंत एकही घर वगळलं नाही. झिराडकरांची पोरगी पाहुण्यांसमोर खुर्ची ओढून बसते, आफ्रिकेत पळून जाते, आणि घरात ठेवलेला साहेब तिला सामील आहे. साहेबाचा भाव तर असा कोसळला की विचारू नका. बाजारात काळूराम भेटला, त्यानं मान हलवली. "सर, तुमाला सांगितलं व्हतं, बोलायचं काम नाय." त्यानंतर कुणी त्याला कुठं नेलं नाही.

बेलाला बघायला यायचंही कुणी नाव काढीना. हायमनी दोन ठिकाणी शब्द टाकला, दोन्हीकडून उत्तर नाही. एका दुपारी जेवताना म्हातारा ताटाकडे बघत झिल्पाबाईंना म्हणाला, "तसंही आता वर्षभर इथं कुणी फिरकणार नाही. लोकांची तोंडं बंद होईपर्यंत पोरगी इथं राहिली काय आणि तिकडे राहिली काय. जाऊ दे तिला." बेलाच्या हातातला घास तसाच राहिला. बापानं परवानगी दिली होती, पण ती अशी दिली होती, आणि तिला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती रडली.

जायच्या दिवशी मुंबईची टॅक्सी दारात आली. बेलाची ट्रंक डेस्मंडनं उचलली, निदान तेवढं तरी. हायम आतच बसून होते, येत नाही म्हणाले. मग अचानक बाहेर आले आणि मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून चारचौघांत हमसून हमसून रडले. पोस्टात हयात काढलेला माणूस, त्यानं उभ्या गावाची पत्रं परदेशी धाडली, पण माणूस धाडायची वेळ आजवर आली नव्हती. झिल्पाबाईंनी त्यांना धरून ओटीवर बसवलं.

डेस्मंड टॅक्सीच्या खिडकीशी वाकला. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, माफीच मागायची होती, पण अनुभवी माणसाचा सल्लाच तोंडातून निघाला. "पहिले काही महिने जड जातात," तो म्हणाला. "मग होतं सगळं ठीक. लोक प्रेमळ असतात परदेशात. घरी बोलावतात, मानानं बसवतात. बोलावलं की जात जा."

बेलानं पदर सावरला आणि त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, एस. टी. किती वाजता सुटते ते सांगावं, तसं ती म्हणाली, "तुम्हाला बसवलं, सर. मी तिथं पनवेलची एक काळीसावळी मास्तरीण. मला कोण कशाला बसवेल? मला शिकवावं लागेल."

टॅक्सी निघाली.