पाणी वाढवलेला रस्सा

मी सुइणीला फसवून जन्मलो. बाहेर येताच म्हणालो, "थांब, मागून जुळा येतोय." बिचारी दिवेलागणीपर्यंत उकिडवी बसून होती. खोटं वाटत असेल तर कोपरखैरण्यात विचारा. ज्यांना विचारायचं ते उरले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

नाव धर्मराज, आणि खरं बोललो की जीभ चावली जाते. आमची मिठागरं गेली, त्यांच्या जागी इमारती आल्या, त्यातल्या एकीत मी एकटा. पुतळा, माझी बायको, गेल्यापासून थापा ऐकायला कुणी नव्हतं. मुलगा हरेश सीवूड्सला. त्याचा फोन येतो, पण फोनवर थाप रंगत नाही. थापेला समोर चेहरा लागतो.

मग समोरच्या दारात यासीनभाई नाखवा राहायला आले. श्रीवर्धनकडचे, जन्म बोटीवर स्वयंपाक करण्यात गेलेला. बायको गेलेली, मुली आखातात. एके दुपारी टकटक झाली. यासीनभाईंच्या हातात वाडगा, वाडग्यात माशाचा रस्सा.

मी चाखला. "यासीनभाई, मासा शिजला का नुसता आंघोळ करून गेला?"

"पाणी वाढवलंय, शेठ. आमच्या पैगंबरांनी सांगितलंय, रस्सा केलास तर पाणी वाढव आणि शेजाऱ्याची आठवण ठेव."

"म्हंजे मी वाढीव पानी हाय?"

"तुमी शेजारी. तुमचा हक्क आहे आमच्यावर."

मग मी त्यांना जुळ्याची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "प्रत्येक पोर फितरतीवर जन्मतं, शेठ. म्हणजे भलंच जन्मतं. झाकण आपण नंतर ठेवतो."

"मी झाकन घेऊनच आलतो."

आता हसले.

टकटक होत राहिली. वाडगे येत राहिले, आणि तिथंच घोळ झाला. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. चिमूटभर साखर टाकून दिली असती, पण पुतळा म्हणायची, "साखर म्हंजे हात झटकनं. शिजवलेल्याला शिजवलेलंच जावं." मला चहापलीकडं काही येत नाही, जेवतो तो खानावळीचा डबा. म्हणून वाडगे घासायचो, पुसायचो आणि ओट्यावर रचायचो. उद्या काहीतरी शिजवू.

एक दिवस टकटक थांबली.

मला वाटलं, कंटाळले थापांना. माणूस किती ऐकणार? मीही ताठ. त्यांचा कुकर शिट्टी द्यायचा, मी दाराला कान लावायचो आणि टीव्हीचा आवाज वाढवायचो. एकदा तर भिंतीवरच्या पालीला खाडीतल्या घोड्याएवढ्या खेकड्याची गोष्ट सांगितली. तीही अर्ध्यातून गेली.

मग कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आलो, तर समोरचं दार किलकिलं होतं. यासीनभाई खाटेवर बसून पातेल्याचं झाकण उलटं धरून त्यातून रस्सा पीत होते. कडेनं ओघळ सदऱ्यावर.

मी पिशवी तिथंच सोडली आणि घरात आलो. ओट्यावर वाडग्यांची उतरंड. त्यांनी शेवटचा वाडगासुद्धा माझ्याकडंच पाठवला होता, आणि मी रीत सांभाळत बसलो होतो.

बाजारातून बोंबील आणले. मसाला जळला, बोट भाजलं. पुतळा वरून हसली असणार. शेवटी तांब्याभर पाणी ओतलं. वरच्या वाडग्यात रस्सा, खाली सगळी चवड, आणि मी त्यांचं दार वाजवलं.

यासीनभाई चवडीकडं पाहत राहिले.

"मागायचे ना!" मी ओरडलोच. "झाकनात जेवता?"

"दिलेलं भांडं मागितलं की दिलेलं अन्नही मागितल्यासारखं होतं."

"नवे घ्यायचे!"

"तुमी विचारलं असतं, जुने कुठं गेले. आणि मोकळ्या हातानं दारात यायला लाज वाटायची."

त्यांनी रस्सा चाखला. डोळे मिटले. "शेठ, मिठागराच्या कहाण्या सांगता. मीठ कुठंय?"

विसरलो होतो.

ते मीठ आणायला उठले आणि जाता जाता म्हणाले, "त्या सुइणीला कळवा. जुळा आला म्हणावं."

मी वाडगे त्यांच्या फळीवर नीट मांडले. एक मात्र सदऱ्याखाली लपवून घरी आणला. उद्या दार वाजवायला निमित्त नको?