मिरचीची रांग

ढग गडगडले की मोकळ्यावर उभं राहू नये, हे आल्बुकर्की शहरात शेंबड्या पोरालाही कळतं. पण हिरव्या मिरच्या भाजून घ्यायची रांग लागली, की सगळे अक्कल गहाण टाकतात.

"अहो, गाड्यांत बसा! वीज पडेल!" मिरच्या भाजणारा बेनिग्नो घसा फोडून ओरडला.

"आणि माझा नंबर गेला तर?" म्हातारी युफेमिया त्याच्या मिरच्या भाजायच्या लोखंडी पिंपापाशी ठाण मांडून होती.

डोंगरावर वीज कडाडली. एक जण हलेल तर शपथ!

बेनिग्नोचं टाळकं सरकलं. "जो आधी गाडीत बसेल, त्याचा पहिला नंबर!"

क्षणात मैदान रिकामं. सगळ्यांच्या आधी पोचली ती युफेमियाच.

मग बेनिग्नोही आपल्या गाडीकडे पळाला, तोच तिने काच खाली केली.

"मेल्या, तू कुठे निघालास? माझ्या मिरच्या कोण भाजणार?"