खांबाची जागा

सहावी बैठक. इंटरनेट गल्लीतल्या प्रत्येकाला हवं होतं, पण घोडं पेंड खात होतं खांबापाशी. शिंप्याची पाटी झाकली जात होती, त्याच्या मेहुण्याला कुंपणाची काळजी. जागा खोडून खोडून मी कंपनीतून आणलेल्या नकाशाला भोक पडलं.

शेवटी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "माझ्या अंगणात लावा."

"मावशी, तुमच्याकडे साधा फोनही नाही," मी वैतागून म्हणालो. "आणि आधीच सांगतो, खांबावरची पेटी सारखी बिघडते. आमचा माणूस दर महिन्याला तुमच्या दारात खेटे घालेल. मग तक्रार नको."

"दर महिन्याला? नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

"मग तिथेच लावा. चहा घेतो ना तो?"