गोमाजीचा घोडा

त्र्यंबकराव टिपणीस निवृत्त झाले, त्याला तीन आठवडे होतात न होतात तोच शुभदाबाईंनी त्यांच्या हातात पिशवी दिली आणि त्यांना मासळी आणायला पिटाळलं.

कारणही तसंच होतं. एकतीस वर्षं रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी पुलांचे, मालगाडीच्या वाघिणींचे आणि सिग्नलच्या खांबांचे नकाशे काढले होते. आता काढायला काही उरलं नाही, म्हणून टेंभी नाक्याच्या आपल्या घरात बसून त्यांनी स्वयंपाकघराचा नकाशा काढला होता, आणि फडताळ सव्वा फूट डावीकडे असायला हवं होतं हे बायकोला पट्टी लावून सिद्ध करून दाखवलं होतं.

"फडताळ आहे तिथंच राहील," शुभदाबाई म्हणाल्या. "आवडाबाई मासळी घेऊन चार दिवस फिरकलेली नाही. चेंदणीला तिच्या घरी जाऊन बघा. कोळंबी असली तर आणा. आणि तिथं विचार करत उभे राहू नका, कोळंबी तेवढी थांबत नाही."

त्रेपन्न सालचा जानेवारी होता, हवा छान होती. त्र्यंबकराव विचारत विचारत आवडाबाईच्या घरी पोचले. घर कोळीवाड्याच्या टोकाला, खाडीच्या अंगाला. दारापुढे एक होडी उभी होती. उभी म्हणजे अर्धीच. एका बाजूला फळ्या बसलेल्या, दुसऱ्या बाजूला नुसत्या फासळ्या, आणि त्या फासळ्यांवर एक कोंबडी. ओट्यावर साठीचा एक माणूस गोणपाट पसरून बसला होता. गोणपाटावर करवती, पटाश्या, रंधे, वाकस ओळीनं मांडलेले, आणि सगळ्यांवर गंज.

आवडाबाई आतून आली ती बोलतच. "आलात ना? आता तुमीच बगा सायेब! ह्याच्या बापाची हत्यारं ही. आन ह्यो भंगारवाल्याला द्यायला बसलाय. म्हनून मी दारातून हललेली नाय. मी टोपली घेऊन गेले, का ह्यो देऊन मोकला."

"मंग काय करू? लोनचं घालू त्यांचं?" तो माणूस म्हणाला. हा तिचा नवरा, गोमाजी. होड्या बांधणारा म्हणून चेंदणीपासून पलीकडच्या कळव्यापर्यंत त्याचं नाव होतं.

त्र्यंबकरावांनी एक करवत उचलली. पातं हातभर लांब, मूठ इतकी वापरलेली की लाकडात माणसाची बोटं उमटली होती. त्यांनी मूठ धरली आणि त्यांची बोटं आपोआप त्या खाचांत गेली. आयुष्यभर शेकडो हत्यारांची चित्रं काढलेल्या माणसाला तो स्पर्श नवा होता.

"भंगारात? ही?" ते म्हणाले.

गोमाजीनं आपला डावा हात पुढे केला. गेल्या पावसाळ्याआधी त्यावर एक तुळई पडली होती. हाड जुळलं, पण तीन बोटं काठीसारखी ताठ झाली ती झालीच. लाकूड कापायला उजवा हात पुरत होता. अडचण धारेची होती. करवतीचा एकेक दात कानशीनं घासायचा, तर पातं हलता कामा नये. ते पातं ठोकळ्यावर दाबून धरायचं काम जन्मभर डाव्या हाताचं.

"दुसऱ्या कुणाकडून धार लावून घ्यायची," त्र्यंबकराव म्हणाले.

"लावली की. एकानं लावून दिली. करवत लागली वाकडी चालायला, रेघेवर ठेवली तर शेजाऱ्याच्या घरात जायला बगते. माझ्या करवतीला दुसऱ्याचा हात चालत नाय सायेब."

"पातं आवळून धरायला लोखंडी शिकंजा?"

"तो बी आनला हिच्या भावानं. त्याचं तोंड बगा, चार बोटांचं. मधे धरलं तर दोनी टोकं थरथरतात." गोमाजीनं होडीकडे हनुवटी उडवली. "ही त्याचीच होडी. धाकूची. आठ महिने झाले. आता सांगनार हाय, दुसरीकडून बांधून घे."

त्र्यंबकराव ओट्यावर टेकले. खिशातून छोटी वही काढली, पेन्सिलीचं टोक तपासलं.

"मला आठ दिवस द्या," ते म्हणाले. "भंगारवाल्याला सांगा, सामान विकलं गेलंय."

कोळंबी न घेताच ते घरी आले.

शुभदाबाईंनी रिकामी पिशवी पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि वरणाला फोडणी दिली. इतका उजळलेला चेहरा त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

नकाशा दोन दिवसांत झाला. समोरून, बाजूनं, वरून. शाईनं, सगळी मापं बारीक अक्षरांत. दोन उभ्या सागवानी फळ्या, खाली बिजागरीनं जोडलेल्या. मधे करवत उभी धरायची, दात वर. फळ्यांना बाहेरून एक चौकट, आणि चौकटीत पाचर ठोकली की फळ्या आवळल्या जाणार. गोमाजीनं कागद उलटासुलटा करून पाहिला.

"झ्याक हाय. आता बनवनार कोन?"

"मी," त्र्यंबकराव म्हणाले, आणि मग जरा खाकरून, "म्हणजे तुम्ही सांगाल तसं."

"कदी बनवलंय काय?"

"नाही."

"आन हत्यारं तर सगळी बोथट. धारेची वस्तू बनवायची तर आदी धार पायजे." गोमाजी पहिल्यांदाच हसला. "बसा हितं. आदी पटाशी करू. माझा डावा हात तुमी व्हा."

मग रोज सकाळी टेंभी नाक्याहून त्र्यंबकराव धोतर सावरत चेंदणीला यायला लागले. धारेच्या दगडावर पाणी शिंपडायचं, गोमाजीनं उजव्या हातानं पटाशी धरायची, त्र्यंबकरावांनी दोन बोटांनी तिची पाठ दाबायची. "हलकं. हलकं, सायेब. चपाती नाय लाटायची." दोन पटाश्या आणि एक रंधा कामापुरते तयार व्हायला चार दिवस गेले. बोथट करवतीनं दोन फळ्या कापायला आणखी दोन. त्र्यंबकरावांच्या तळहाताला फोड आले. घरी ते शुभदाबाईंना मुद्दाम दाखवले आणि त्यांनी हळद लावताना "बरं झालं" म्हटलं, ते नक्की कशाला, हे त्र्यंबकरावांना कळलं नाही.

नवव्या दिवशी शिकंजा तयार झाला. कापलेल्या कडा थोड्या वाकड्या होत्या, पण माप नकाशाबरहुकूम. करवत मधे ठेवली, पाचर ठोकली. गोमाजीनं कानस घेतली आणि पहिल्या दातावर ओढली.

असा आवाज निघाला की फासळ्यांवरची कोंबडी उडून थेट खाडीच्या काठाला गेली. समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली आणि "कुनाला मारताय रं?" म्हणून ओरडली. गोमाजीनं दुसरा दात घासला. पुन्हा तसंच. पातं दोन्ही टोकांना नाचत होतं. शिवाय चार दात झाले की करवत पुढे सरकवायची. त्यासाठी पाचर काढा, सरकवा, पुन्हा ठोका. पाचर ठोकताना करवत धरायला दुसरा हात हवा, आणि तोच तर नव्हता.

त्र्यंबकराव खाली मान घालून शिकंज्याकडे पाहत राहिले. "नकाशात चूक नाही," ते पुटपुटले.

"नकाशा चांगलाच हाय," गोमाजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण गोणपाटाकडे गेलेली त्याची नजर त्र्यंबकरावांना दिसली. त्यांना वाटलं, आपण येऊन या माणसाला उगाच आशेला लावलं.

आवडाबाईनं ते सगळं दारातून पाहिलं होतं. "जेवून जा सायेब," ती म्हणाली. "तोंडं पाडून कोन घरी जातं? शुभदाबाय मना बोलतील."

ती मासे करायला अंगणातच बसली. विळीचा पाट पायाखाली, पातं समोर उभं. शिंगाळ्याचं डोकं एका हातात, शेपटी दुसऱ्या हातात, आणि खटाखट तुकडे पडत होते. त्र्यंबकराव नुसते बघत होते. मग ते एकदम उभे राहिले.

"आवडाबाई, थांबा. तशाच बसा. तुमचा पाय!"

"काय झालं पायाला?" ती दचकली.

"पाट पायानं दाबलाय! म्हणून दोन्ही हात माशाला! अहो गोमाजी, आपण हाताचं काम हातालाच देत बसलो. पाय काय करतायत? पाय रिकामेच आहेत की!"

गोमाजीनं आपल्या पायांकडे असं पाहिलं, जणू ते कुणी आत्ताच आणून ठेवले होते. भरदार पाय, साठ वर्षं चिखल तुडवलेले.

जेवण होईपर्यंत वहीची तीन पानं भरली. बसायला एक लांब बाक, घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. समोर एक उभी फळी, बाकाला पक्की. तिच्या पलीकडे दुसरी फळी, मधोमध खुंटीवर झुलणारी, खाली बाकाच्याही खाली उतरलेली, आणि तिच्या खालच्या टोकाला आडवी पट्टी. ती पट्टी पायांनी पुढे रेटली की फळीचं वरचं टोक मागे येऊन मिटणार. पाय सैल सोडले की तोंड उघडं. करवत सरकवायला एक बोट पुरे.

"आन तो नाच?" गोमाजीनं विचारलं. "पातं नाचलं तर पायानं दाबून काय उपेग? द्या मना ती पेनशील."

त्यानं त्र्यंबकरावांच्या सरळ रेघेवर, जिथं फळ्यांची तोंडं एकमेकांना भिडत होती तिथं, एक हलकासा बाक काढला. कमानीसारखा, मधे जेमतेम नखभर खोल.

"सरळच हवं," त्र्यंबकराव म्हणाले. "दोन सरळ कडा सगळीकडे टेकतात."

"कागदावर," गोमाजी म्हणाला. "लाकूड मधे दाबलं का टोकं उघडतात. बाक ठेवला तर टोकं आदी धरतील, मंग जोर केला का मधलं बी येऊन बसंल. होडीला फळी कशी बसते? सरळ फळी कदी बसलीय काय?"

त्र्यंबकरावांनी एकतीस वर्षांत कुणालाही आपल्या नकाशावर रेघ ओढू दिली नव्हती. ते त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी खोडरबर काढलं आणि आपली सरळ रेघ पुसली.

घोडा बनवायला आणखी बारा दिवस लागले. त्या दिवसांत कधीतरी 'सायेब' जाऊन 'तिंबकभाव' झाले. बाकाचं लाकूड एका मोडीत निघालेल्या गलबताचं होतं, वर्षानुवर्षं खारं पाणी प्यालेलं. शुभदाबाईंनी जुन्या चामडी पट्ट्याचे दोन तुकडे आणून दिले, ते तोंडाला आतून लावायला. हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. "तुमचा ड्रॉइंगबोर्ड वाजू नये म्हणून तुम्ही खाली फडकं घालत होतात," एवढंच त्या म्हणाल्या. त्याही आता रोज दुपारी चेंदणीला येऊन आवडाबाईशेजारी बसत होत्या.

घोडा तयार झाला त्या सकाळी गोमाजी त्यावर बसला. बापाची करवत तोंडात धरली, पायांनी पट्टी रेटली. त्यानं पातं हलवून पाहिलं. हललं नाही. पुन्हा हलवून पाहिलं. उजव्या हातात कानशीची मूठ धरली, आणि डाव्या हाताची ती ताठ बोटं कानशीच्या टोकावर नुसती टेकवली. धरायचं काही नव्हतंच आता, वाट दाखवायची होती, आणि तेवढं त्या बोटांना जमत होतं.

सर्र. सर्र. सर्र.

ओरड नाही, किंचाळी नाही. एका लयीत पोलादाचा भुगा चामड्यावर पडत होता. एक दात इकडे झुकता, दुसरा तिकडे. पाय सैल, करवत पुढे, पाय घट्ट. समोरची म्हातारी पुन्हा बाहेर आली होती. ती पण दारात बसून राहिली.

शेवटचा दात झाल्यावर गोमाजी उतरला, सागाची एक फळी ओट्यावर टेकवली, कोळशानं रेघ मारली आणि करवत लावली. करवत लाकडात अशी शिरली, जसा काही तिला रस्ता माहीतच होता. फळीचा तुकडा खाली पडला. गोमाजीनं तो उचलला, कडेवरून अंगठा फिरवला, उन्हात धरून बघितला.

"आवडे!" तो जोरात ओरडला. ती शेजारीच उभी होती हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. "सरळ गेली गो! सरळ गेली!"

"दिसलं मना," आवडाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. त्र्यंबकरावांना काय करावं ते सुचेना, म्हणून ते घोड्यावर जाऊन बसले, पट्टी रेटून पाहिली, सोडून पाहिली, पुन्हा रेटून पाहिली. शुभदाबाईंनी त्यांना तसं बसलेलं पाहिलं आणि त्यांनाही हसू आवरेना.

धाकूची होडी चैत्रात पुरी झाली. धाकू कळव्याहून ती न्यायला आला तेव्हा तो आधी होडीभोवती फिरला नाही, घोड्याभोवती फिरला. खाली वाकून खुंटी पाहिली, पायपट्टी दाबून पाहिली.

"भावजी, आमच्याकडे सा जनांच्या करवती पडून हायेत," तो म्हणाला. "काळुरामच्या तर दोन. हा घोडा घेऊनच चला. आठ दिवस रावा, बहिनीला बी घ्या."

"घोडा माझा एकट्याचा नाय," गोमाजी म्हणाला. "तिंबकभाव येनार असंल तर जाईल."

त्र्यंबकराव उभ्या जन्मात होडीत बसले नव्हते. खाडीवरच्या पुलाचे नकाशे त्यांनी काढले होते, पण पाण्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी शुभदाबाईंकडे पाहिलं. शुभदाबाई आवडाबाईचा हात धरून कधीच होडीत चढल्या होत्या आणि पुढच्या टोकाला बसून पदर डोक्यावरून घेत होत्या.

"विचार करत उभे राहू नका," त्या म्हणाल्या. "भरती थांबत नाही म्हणे."

घोडा चार जणांनी उचलून होडीच्या मधोमध ठेवला. बसायला तीच एक जागा उरली होती. त्र्यंबकराव धोतर वर खोचून घोड्यावर बसले, दोन्ही पाय पट्टीवर घट्ट रोवले आणि दोन्ही हातांनी फळ्यांचं तोंड धरलं. धाकूनं होडीतून काठाला बांबू रेटला. नवी होडी एकदा डोलली, सावरली, आणि ऊन पडलेल्या पाण्यावरून कळव्याकडे निघाली. मागे चेंदणीच्या काठावर जमलेले लोक हात हलवत होते, कुणीतरी शिट्टी मारली, आणि गोमाजी सुकाणूपाशी उभा राहून ओरडत होता, "तिंबकभाव, लगाम सोडा, घोडा पळत नाय!"